मांडवातल्या थंड्याबद्दल : खान्देशातली लग्नघरं, आचारी, केटरर आणि लॉन्सवाल्यांना खुलं पत्र

मंडळी, राम राम.

आखाजी जवळ आली की तुमच्या डायऱ्या भरतात आणि माझ्या दुकानातलं अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांचं खोकं रिकामं होतं. तिथी दाट असली की दुसऱ्या दिवशी सकाळी शटर वर करायच्या आधीच पायरीवर दोघं-तिघं उभे असतात. कुणाचं पोट फुगलेलं, कुणाची छाती जळते, कुणी रात्रभर परसाकडे पळालेलं. सगळे कालच्या लग्नाचं नाव घेतात आणि बहुतेक जण भाजीवरच्या तर्रीला दोष देतात. तर्रीचा दोष आहेच, त्यावर पुढे बोलते. पण “थंडा किती प्यायलात?” असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, “थंडा तर पचायलाच घेतला ना ताई!”

मी चोपडा तालुक्यात मेडिकल चालवते. शिक्षणानं फार्मसिस्ट आहे आणि माझं स्वतःचं पोट हळवं आहे. डॉक्टर त्याला आयबीएस म्हणतात. सगळ्या तपासण्या ठीक येतात, आतड्याला जखम नाही, सूज नाही, तरी महिनोन्‌महिने पोट दुखतं, फुगतं, कधी जुलाब, कधी चार दिवस काहीच नाही. असे लोक तुमच्या प्रत्येक पंगतीत असतात. ते सांगत नाहीत, कारण लग्नात कुणी शौचाच्या गोष्टी सांगत नसतं.

हे पत्र शीतपेयांच्या कंपन्यांना लिहिता आलं असतं, किंवा अन्न व औषध प्रशासनाला. तुम्हालाच लिहिते आहे याला कारण आहे. दुकानातल्या बाटलीवर बारीक अक्षरात का होईना, आत काय आहे ते छापावं लागतं, कायदाच आहे तसा. मांडवाच्या तोंडाशी ट्रेमध्ये मांडलेल्या निळ्या-हिरव्या ग्लासावर काहीच छापलेलं नसतं. तो कुठल्या सिरपचा, त्यात सोडा घातलाय की पाणी, गोडी साखरेची की दुसऱ्या कशाची, बर्फ कुठून आला, हे फक्त तुमच्या माणसाला ठाऊक. आणि पाहुण्याला तो ग्लास नाकारताही येत नाही, कारण तो हातात देणारा नवरीचा मामा असतो. “ल्या ना ताई, एक गिलासघाई काय व्हस!”

तर एका ग्लासानं काय होतं, ते सांगते.

आधी सोड्याचं. सोडा म्हणजे पाण्यात दाबून भरलेला कार्बन डायऑक्साइड. कोलासारख्या पेयात हा वायू पेयाच्या आकारमानाच्या साधारण तीन ते चार पट कोंबलेला असतो, म्हणजे २०० मिलीच्या बाटलीत अर्ध्या लिटरहून जास्त वायू. झाकण उघडताना थोडा उडतो, थोडा ग्लासात ओतताना जातो, उरलेला जठरात जाऊन त्याला ताणतो. जठर ताणलं की अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप अधूनमधून सैल पडते आणि ढेकर येते. धडधाकट माणसाला ढेकर मोकळी आली की बरं वाटतं, जेवण पचलं असं वाटतं. पण बाहेर आलेला बराचसा वायू त्यानं दोन मिनिटांपूर्वी स्वतःच गिळलेला असतो. तुपात बुडवलेली बट्टी जिथे होती तिथेच आहे. स्निग्ध जेवण जठरातून पुढे सरकायला काही तास लागतात, ढेकरेनं त्यात फरक पडत नाही.

ज्याला छातीत जळजळायची सवय आहे, त्याच्या बाबतीत झडप सैल पडते तेव्हा ढेकरेबरोबर आम्लही वर येतं. लोकांना वाटतं की कोला आंबट म्हणून पोटात आम्ल वाढतं. कोला आंबट आहे हे खरं, त्याचा पीएच अडीचच्या आसपास असतो, पण जठरातला रस स्वतःच तितका किंवा त्याहून आंबट असतो. जठराला त्या आंबटपणाचं फारसं काही वाटत नाही. त्रास होतो तो आम्ल चुकीच्या जागी, म्हणजे वर अन्ननलिकेत गेल्यामुळे. भरल्या पोटी गॅसवालं पेय घेऊन, मे महिन्याच्या दुपारी लॉन्सच्या कूलरसमोर सतरंजीवर आडवं व्हायचं, ही त्याला वर बोलावण्याची खात्रीची पद्धत आहे.

आयबीएसवाल्यांचं दुखणं आणखी वेगळं. त्यांच्या आतड्यात वायू इतरांपेक्षा फार जास्त असतो असं नाही. तेवढ्याच वायूचा ताण त्यांच्या आतड्याला जास्त जाणवतो. तुमच्या पोटात जे नुसतं गुडगुडतं, ते त्यांच्या पोटात कळ होऊन उठतं. म्हणून “मी पण तोच ग्लास प्यायलो, मला कुठे काय झालं” हे वाक्य कृपा करून मांडवात कुणाला ऐकवू नका.

जाता जाता, गॅस झाला म्हणून लोक पुडीतलं फसफसणारं चूर्ण मागायला येतात. त्यातही खायचा सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिडच असतं आणि पाण्यात टाकलं की तोच कार्बन डायऑक्साइड निघतो. आम्ल थोडा वेळ मारलं जातं, हे मान्य. पण फुगलेल्या पोटाला आणखी वायू, आणि बीपीवाल्याला वर सोडियम. मी विकते, पण विचारून विकते.

आता साखर. साध्या शीतपेयात १०० मिलीला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते, म्हणजे २०० मिलीच्या बाटलीत चार-पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं की अशी वरून घातलेली साखर दिवसाच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. तुमच्या लग्नात हा हिशेब पहिल्या ग्लासालाच संपत येतो, शिरा आणि बुंदी तर अजून ताटात वाढायची असते. पण मी मधुमेहावर बोलत नाहीये, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला आतड्याचं सांगायचं आहे. गोड द्रव फार दाट असेल तर तो शोषला जायच्या आधी आतड्यात पाणी ओढून घेतो. ज्याचं पोट आधीच सैल आहे, त्याला ते आणखी सैल होतं.

आंब्याची बाटलीबंद पेयं निरुपद्रवी वाटतात, कारण त्यात गॅस नसतो. पण आंब्यात फ्रुक्टोज ही साखर ग्लुकोजपेक्षा जास्त असते, आणि काही लोकांच्या लहान आतड्यात ती नीट शोषली जात नाही. न शोषलेली साखर मोठ्या आतड्यात पोहोचते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि वायू तयार होतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठानं अशा आंबवल्या जाणाऱ्या साखरांवर मोठं काम केलं आहे, आणि आयबीएसवाल्यांना आज जो फॉडमॅप आहार सांगतात, तो तिथूनच आला. त्यांच्या यादीत आंबा आहे, सफरचंद आहे, कांदा-लसूण आहे, आणि आपल्या रावेर-यावलकरांना आवडणार नाही, पण काळे ठिपके पडलेलं पूर्ण पिकलेलं केळंही आहे. थोडं करकरीत, नुकतं पिवळं झालेलं केळं चालतं. मी तेच खाते.

कॅफिनबद्दल थोडक्यात. कोलात ते १०० मिलीला साधारण १० मिलिग्रॅम असतं, फार नाही. खरा प्रश्न वरातीत नाचणाऱ्या पोरांच्या हातातल्या स्वस्त एनर्जी ड्रिंकचा. भारतात लिटरला १४५ मिलिग्रॅमच्या वर कॅफिन असलेलं पेय कॅफिनयुक्त पेय म्हणून वेगळं गणलं जातं आणि ३०० ची मर्यादा आहे. बाजारातली बरीच एनर्जी ड्रिंक या मर्यादेला टेकलेली असतात. म्हणजे २५० मिलीच्या एका बाटलीत साधारण कपभर कॉफीइतकं कॅफिन. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी हे घेऊ नये, असं त्या बाटलीवरच छापलेलं असतं. कॅफिन मोठ्या आतड्याला हलवतं, सकाळच्या चहानं बऱ्याच जणांना जसं लागतं तसंच. शाळेपासून ५०० मीटरच्या आत अशी पेयं विकू देणार नाही, असं जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत सांगितलं गेलं. शाळेबाहेर नको असलेली वस्तू डीजेच्या गाडीवर आठवीतल्या पोराला का द्यायची, याचं उत्तर एकाही नवरदेवाच्या मित्रानं मला दिलेलं नाही.

आता तुमच्या वेलकम ड्रिंककडे येते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

सिरपचा कॅन कधी वाचला आहे का? ओळखीच्या आचाऱ्यानं मला दाखवला तेव्हा त्यावर साखर, पाणी, आम्लता नियामक ३३०, परिरक्षक २११, रंग १३३ असं काहीबाही होतं. हे आकडे जगभर एकच असतात, त्यामुळे एकदा ओळख झाली की कुठल्याही पाकिटावर वाचता येतात. ३३० म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, तुमचं लिंबूफूल. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक अ‍ॅसिड, ते कोलात असतं. २११ सोडियम बेन्झोएट, २०२ पोटॅशियम सॉर्बेट, दोन्ही बुरशी आणि यीस्ट वाढू नये म्हणून. १०२ पिवळा टार्ट्राझिन, ११० सनसेट यलो, १२२ लालसर कार्मोइझिन, १३३ निळा ब्रिलियंट ब्लू. भारतात खाण्यात आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि साधारणपणे किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर रंग घालता येत नाही.

हे आकडे दिसले की घाबरायचं, असं मी म्हणणार नाही. मोबाइलवर फिरणारे ‘हे नंबर म्हणजे विष’ छापाचे मेसेज रोज कुणी ना कुणी मला काउंटरवर दाखवतं. ते बहुतेक अर्धवट असतात. रंग आणि बेन्झोएटमुळे प्रत्येकाचं पोट बिघडतं, याला भक्कम पुरावा नाही. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाचा २००७ चा प्रसिद्ध अभ्यास ठराविक रंग आणि बेन्झोएट यांचं मिश्रण मुलांना देऊन केला होता. त्यात काही मुलांची चळवळ वाढलेली दिसली, आणि २०१० पासून युरोपात अशा सहा रंगांच्या पदार्थांवर इशारा छापावा लागतो. पण तो अभ्यास वागण्याचा होता, पोटाचा नव्हता. थोड्या लोकांना टार्ट्राझिननं अंगावर पित्त उठतं, सल्फाइटनं दम्याच्या माणसाला धाप लागू शकते. स्क्वॉशमध्ये २२३ किंवा २२४ असेल तर दमेकऱ्यानं जपावं. बाकी पोटासाठी माझा संशयितांचा क्रम असा, आधी गॅस, मग साखर आणि कॅफिन, मग बिनसाखरेची गोडी, आणि रंग-परिरक्षक सगळ्यात शेवटी.

तरीही त्या ग्लासाचा मला राग आहे, कारण त्यात किती काय पडलं हे कुणीच मोजत नाही. कारखान्यात सिरपमध्ये रंग मोजून पडतो. मांडवात फोटो चांगले यावेत म्हणून आचारी वरून चिमूटभर आणखी घालतो, आणि ती चिमूट कुठल्या डबीतली, हा प्रश्न उरतोच. खायच्या रंगाच्या डबीवर परवाना क्रमांक असतो. सुट्या पुडीवर नसतो. २०२४ मध्ये तमिळनाडूनं म्हातारीच्या गुलाबी केसांवर बंदी घातली, कारण त्यात रोडामाइन-बी सापडला. हा कापड रंगवायचा रंग आहे, खायचा नव्हे. म्हातारीच्या केसांचा ठेला आता आपल्याकडच्या लग्नांतही पोरांसाठी लागतो.

बिनसाखरेच्या गोडीचं सांगायचं राहिलं. शुगरवाल्या पाहुण्यांसाठी काही केटरर आता आवर्जून शुगर-फ्री मिठाई आणि डाएट पेयं ठेवतात. भावना चांगली आहे. पण शुगर-फ्री मिठाईत बरेचदा सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असतं. हे आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही. ते पाणी ओढतं, वायू करतं आणि पुरेसं पोटात गेलं तर सरळ जुलाब लावतं. असे पदार्थ रेचक ठरू शकतात, ही सूचना आपल्याकडे पाकिटावर छापावी लागते. पण तुम्ही पाकीट फोडून मिठाई ताटात मांडता तेव्हा ती सूचना कचऱ्यात जाते. औषधांतही हेच आहे. शुगर-फ्री खोकल्याच्या औषधात सॉर्बिटॉल असतं, आणि औषधानं पोट बिघडलं म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्याला मी आधी बाटलीची मागची बाजू दाखवते. डाएट पेयांतली ९५१, ९५०, ९५५ म्हणजे अ‍ॅस्पार्टेम, एसिसल्फेम, सुक्रालोज. ही फार कमी प्रमाणात लागतात, त्यामुळे सॉर्बिटॉलसारखा जुलाबाचा परिणाम त्यांचा नाही. पण डाएट पेयात गॅस तेवढाच असतो, हे शुगरवाले विसरतात.

आइस्क्रीमवर एक ओळ खर्च करते. त्यात घट्टपणा यावा म्हणून घालतात त्यातलं ४६६, म्हणजे कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, अमेरिकेत सोळा निरोगी माणसांवर अकरा दिवस तपासलं गेलं, तेव्हा ते खाणाऱ्या गटाला जेवणानंतर पोटात जास्त अस्वस्थ वाटलं. त्यांना दिलेली मात्रा दिवसाला १५ ग्रॅम होती, एका कपापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून आइस्क्रीम बंद करा, असं मी सांगणार नाही.

मठ्ठा हा आपला जुना आधार. पण तोही आता बिघडतो आहे. दही महाग, म्हणून दही कमी आणि आंबटपणाला लिंबूफूल, वर बर्फाच्या लाद्या. पंगतीत असा मठ्ठा पहिल्या घोटाला कळतो, त्याचा आंबटपणा दाताला लागतो, जिभेवर दही येतच नाही. खऱ्या ताकात दुधापेक्षा लॅक्टोज कमी असतं, आणि ज्यांना दूध सोसत नाही अशा बऱ्याच जणांना ते सोसतं. लिंबूफुलाच्या पाण्याचं तसं काही सांगता येत नाही.

बर्फाकडे मात्र लक्ष द्या, कारण रात्रभर परसाकडे जाणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा दोष थंड्याचा नसून त्यातल्या बर्फाचा असतो. मासे-फळं थंड ठेवायला बनवलेला औद्योगिक बर्फ पिण्याच्या पाण्याचाच असेल असं नाही. म्हणून २०१८ पासून न खाण्याच्या बर्फाला निळसर रंग द्यायचा नियम आहे. पांढरी लादी दिसली म्हणून ती खाण्याचीच समजू नका. तिची पावती मागा आणि ती पोत्यात गुंडाळून, टेम्पोच्या फळीवर घासत आणू नका. ताप, उलट्या, मुरडा, एकाच लग्नातले दहा-बारा जण एकदम आजारी, असं झालं की ते हळव्या पोटाचं काम नाही, ते जंतूंचं आहे.

आणि याच ठिकाणी तुमच्या हातून एक चूक वारंवार होते. पारा ४४-४५ वर गेलेला, भुसावळकडून आलेला एखादा म्हातारा पाहुणा जुलाबानं गळून बसलेला, आणि कुणीतरी प्रेमानं त्याच्या हातात थंड्याची बाटली देतो. तरतरी येईल म्हणून. जलसंजीवनीच्या, म्हणजे ओआरएसच्या, एक लिटर द्रावणात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम असतं आणि मीठ २.६ ग्रॅम, शिवाय पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. लिटरभर कोलात शंभराच्या वर ग्रॅम साखर आणि मीठ नावापुरतं. जुलाब झालेल्याच्या आतड्यात ती साखर आणखी पाणी ओढते. त्याला ओआरएस द्या. नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. हे द्रावण किती मोठं काम करतं, ते डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बोंगावच्या निर्वासित छावणीत कॉलराच्या रोग्यांवर दाखवून दिलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. ओआरएस घेताना पुडीच घ्या आणि तीही सूत्र बघून. नावात ओआरएस असलेले गोड पेयांचे खोके वर्षानुवर्षं विकले गेले. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध लांबलचक लढा दिला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयानं हे नाव लावायचं नाही.

आता तर्रीचं. मला कळतंय, तुमच्यातला कुणीतरी आतापर्यंत म्हणालाच असेल की आमच्या शेवभाजीनं, काळ्या मसाल्याच्या वांग्यानं, कांदा-लसणाच्या वाटणानं पोट बिघडतं ते बाई का लिहीत नाही. लिहिते. मिरचीतलं कॅप्सेसिन आतड्याच्या वेदनेच्या तारा छेडतं, कांदा-लसणातलं फ्रुक्टन वायू करतं, आणि उडदाच्या कळण्याची भाकरी मला सोसत नाही, आवडत असूनही. पण ताटात काय आहे ते मला दिसतं. तर्री बघून मी भाजी नुसती बोटभर घेते, वरण जास्त घेते, आणि कुणाला वाईट वाटत नाही. ग्लासात काय आहे ते मला दिसत नाही. आणि शेवभाजीसाठी कुणी मामा मांडवाच्या दारात ट्रे घेऊन उभा राहत नाही.

तेव्हा मागणं असं आहे. वेलकम ड्रिंकच्या टेबलावर, त्याच टेबलावर, कोपऱ्यात पाण्याच्या जारमागे नव्हे, साध्या पाण्याचे ग्लास आणि मीठ-जिऱ्याचं ताक ठेवा. साखर, सोडा, रंग काहीही नसलेलं. पन्हं करायचं असेल तर कैरी, गूळ, वेलदोड्याचं करा, आणि गोड आहे हे सांगा. सिरपचा कॅन टेबलाखाली लपवू नका, टेबलावर ठेवा, लेबल पाहुण्यांच्या बाजूला करून. शेजारी एक फलक लावा. सोडा आहे, रंग आहे, साखर आहे, बर्फ अमुक ठिकाणचा, एवढं मराठीत लिहिलं तरी पुरे. शुगर-फ्री मिठाई असेल तर तिच्या पाकिटाचं झाकण तिथेच ठेवा. मठ्ठ्यात लिंबूफूल घालणार असाल तर त्याला मठ्ठा म्हणू नका, लिंबू सरबत म्हणा. आणि नवरीच्या मामांना, आत्याला, ज्यांच्या हातात ट्रे जातो त्यांना एवढंच सांगून ठेवा की कुणी “नको” म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही. आग्रह पुरणपोळीपुरता ठेवा.

हे सगळं फार खर्चाचं नाही. ताक सिरपपेक्षा महाग पडत असेल तर मला हिशेब दाखवा, मी चुकीची असेन तर मान्य करीन. खर्च वाढतो तो प्लास्टिकच्या बाटल्यांचा. दोनशे मिलीच्या बाटल्या पाचशे पाहुण्यांना वाटायच्या आणि अर्ध्या भरलेल्या लॉन्सवर गोळा करायच्या, यात कुणाची प्रतिष्ठा वाढते, मला अजून समजलेलं नाही.

हळव्या पोटाच्या माझ्यासारख्यांनाही थोडं सांगते, कारण तुम्हीही हे पत्र वाचाल. सगळं एकदम सोडू नका. एकेक गोष्ट काही आठवडे बाजूला ठेवा, आधी गॅसवाली पेयं, आणि फरक पडतो का बघा. मग थोडी परत घेऊन बघा. फरक पडला नाही तर ती गोष्ट निर्दोष, उगाच तिच्यावर डूख धरू नका. जेवायच्या आधी घ्यायची अ‍ॅसिडिटीची गोळी थंडा प्यायचा परवाना म्हणून वापरू नका. लोक तशीच घेतात, लग्नाला जायच्या आधी, जेवणाच्या बेतावर. आणि शौचात रक्त, आपोआप वजन उतरणं, झोपेतून उठवणारं पोटदुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यातलं काहीही असेल तर मेडिकलच्या काउंटरवर न येता थेट डॉक्टरकडे जा. अशांना मी गोळी देत नाही, भांडले तरी देत नाही.

केटरर मंडळी, फलकाचा मजकूर मी लिहून देते, फुकट. तुमच्या सिरपच्या कॅनच्या लेबलाचा सरळ, उजेडात काढलेला फोटो घेऊन दुकानात या. त्यावरचा प्रत्येक आकडा काय आहे, ते मराठीत कागदावर उतरवून देईन. या हंगामात ज्या लॉन्सवर असा फलक लागेल आणि ताकाचे ग्लास पुढे दिसतील, त्या लॉन्सचं नाव मी माझ्या दुकानाच्या काचेवर लावणार आहे, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांच्या जाहिरातीच्या जागी.

आपली,
चोपडा तालुक्यातली एक मेडिकलवाली